सतरा नंबरची बडबड

"सतरा नंबर बडबडायला लागलीय," आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, आणि माझ्या हातातला चहा हातातच राहिला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"परवापासून. सेकंदाला चाळीस चमका मोजायला हव्यात, तर ही सहाशे मोजतेय. डोळा गेला असणार तिचा. म्हातारा झाला."

दुपारचे अडीच वाजले होते. पाच वाजता क्रेनवाले भाऊ यंत्राच्या खोलीच्या तोंडावर काँक्रीटचा ठोकळा बसवणार होते, आणि एकदा तो बसला की वर्षभर आत कुणाला पाऊल टाकता येणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बीम, म्हणजे न्यूट्रिनो नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा झोत, सुरू व्हायचा होता. त्या एका दिवसासाठी आम्ही सगळ्यांनी अकरा वर्षं हाडं झिजवली होती, आणि नेमकी आज ही सतरा नंबरची बया तोंड उघडून बसली.

नवा डोळा मागवायचा तर दोन दिवस लागणार. मॅडमनी सुस्कारा सोडला. "बंद करून टाकू ती पट्टी. चाळिसातली एक गेली, काय करणार?"

पण डोळा गेलेला नाही, हे त्या अख्ख्या इमारतीत फक्त मला माहीत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगीच नाही.

आता पट्टी म्हणजे काय आणि डोळा म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आमची पट्टी म्हणजे काचेसारख्या स्वच्छ प्लॅस्टिकची फळी. वीतभर रुंद, आणि माझ्या दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाही इतकी लांब. तिच्यातून एखादा विजेचा भार असलेला कण आरपार गेला की आत किंचितशी चमक होते. इतकी किंचित की ती तुम्हाआम्हाला जन्मात दिसायची नाही. म्हणून पट्टीच्या टोकाला एक नळी बसवलेली असते. तिला आम्ही डोळा म्हणतो. आमच्या सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही असं मी पुष्कळ वर्षं समजत होते, ते हा डोळा पाहीपर्यंत.

आता एवढा तिखट डोळा म्हटल्यावर बाहेरचा उजेड सुईच्या टोकाएवढा जरी आत शिरला, तरी त्याला वाटतं चमकच झाली. मग तो ओरडतच सुटतो. अशा पट्टीला आम्ही बडबडी म्हणतो. पट्टी बडबडी होऊ नये म्हणून तिला आधी पांढऱ्या चकचकीत कागदात गुंडाळायचं, त्यावर काळा कागद, एक नाही, दोन थर, आणि त्यावर काळी टेप. हे काम माझं. आजवर हजारावर पट्ट्या मी गुंडाळल्यात; चाळीस पट्ट्या शेजारी शेजारी लावून एक भिंत होते, आणि यंत्रात अशा भिंती एकामागे एक उभ्या असतात.

त्याआधी मी वडिलांच्या पुस्तकबांधणीच्या दुकानात होते. ते दुकान बंद पडलं तेव्हा पेपरात जाहिरात वाचली, की घडी नीट घालता येणारी व्यक्ती पाहिजे. मला वाटलं कपड्यांचं दुकान असेल. गेले तर समोर मॅडम. त्यांनी एक फळी दिली, कागद दिला. मी पिशवीतून वडिलांची घडी दाबायची हाडाची पट्टी काढली आणि कोपरा दुमडून दाखवला. मॅडमनी तो कोपरा एखादं बाळ बघावं तसा वळवून वळवून बघितला आणि म्हणाल्या, उद्यापासून या.

आमचे हे तेव्हा बस चालवायचे. आता निवृत्त होऊन घरी आहेत. कुणी विचारलं, वहिनी काय करतात, की यांचं उत्तर ठरलेलं, "काळोख बांधून देते." लोक हसतात, हेही हसतात. मीही हसते, पण मनातून मला ते कधी फारसं आवडलेलं नाही. अकरा वर्षं एखादी बाई काम करते, ते कशासाठी हे घरच्या माणसाला धड सांगता येऊ नये, याचं वाईट वाटतंच ना?

तर सतरा नंबर. ती मी चार वर्षांपूर्वी गुंडाळली. चार वर्षं आणि दोन महिने. तारीख मला पाठ आहे, कारण त्याच दिवशी माझी नात जन्मली.

शेवटचा कोपरा राहिला होता. खालचा, डावा. पहिला थर घालून झाला होता आणि यांचा फोन आला, की लेकीला दवाखान्यात नेलंय, लगेच ये. मी एका थरावरच टेप मारली, पट्टीवर डकवलेल्या चिठ्ठीवर 'दोन थर' या ओळीपुढे बरोबरची खूण केली, खाली सही केली आणि पळाले. म्हटलं, सकाळी येऊन दुसरा थर घालू, कोण बघतंय. सकाळी आले तर टेबल रिकामं. पट्टी उचलून नेऊन भिंतीत बसवलेली. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी पेढे वाटण्याच्या आनंदात होते, आणि पट्टीही मुकाट होती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्यानंतर या बाईंनी, म्हणजे मॅडमनी, कुणीही पाहुणे आले की माझ्याकडे बोट दाखवून सांगायचं, "यांच्या हातची पट्टी कधी गळत नाही." मी मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, किती नम्र बाई आहे.

चार वर्षं गप्प बसलेली पट्टी परवाच का बोलायला लागली, हेही मला चहा पिता पिता कळलं. परवा त्या खोलीत बाहेर जायच्या वाटेचा नवा हिरवा दिवा बसवला होता. तो रात्रंदिवस चालू ठेवावाच लागतो, नियमच आहे. आणि तो बसवलाय अगदी खाली, डाव्या हाताला.

मॅडम उठून संगणकाच्या खोलीकडे निघाल्या. मी मागोमाग. त्यांनी पडद्यावर पहिल्या भिंतीचं चित्र उघडलं. चाळीस उभे चौकोन. एकोणचाळीस काळे, मधूनच एखादा लुकलुकणारा. सतरावा मात्र पेटलेलाच.

"ही बंद केली की काय होईल?" मी विचारलं. माहीत असून विचारलं.

"भिंतीला भोक पडेल," मॅडम म्हणाल्या. "न्यूट्रिनो कसा असतो, तुम्हाला माहितीये. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पृथ्वीतून आरपार जाईल आणि कुणाला पत्ता लागू देणार नाही. अब्जावधींतला एखादाच कुठे धडकतो. धडकला की त्या जागेपासून पुढे रेघ उमटते. पण आजूबाजूच्या खडकातून सुटलेले दुसरे कणही रेघ काढतातच की. मग ओळखायचं कसं? बाहेरून आलेला पहिली भिंत पेटवून आत येतो. न्यूट्रिनोला विजेचा भारच नाही, तो भिंत न पेटवता येतो. भिंत गप्प आणि रेघ मधूनच सुरू, म्हणजे तो आपला पाहुणा. सतरा बंद केली तर तिच्यामागे जे काही दिसेल त्यावर विश्वास ठेवता येणार नाही. तेवढा भाग वर्षभर टाकून द्यायचा."

"आणि सतराच्या मागे काय आहे?"

"जवळजवळ मधोमध आहे हो ती," मॅडम म्हणाल्या. "बीमच्या तोंडासमोर. हेच तर दुखतंय."

त्यांनी माऊस सरकवला. पडद्यावर 'बंद करायची का?' असा प्रश्न आला. मला वाटलं, बोलू नये. ठोकळा बसेल, सगळं आत राहील, डोळा म्हातारा झाला म्हणून कागदावर लिहितील आणि माझं नाव होतं तसंच राहील. मग वडील आठवले. दुकानात एकदा एक पान उलटं शिवलं गेलं होतं. गिऱ्हाइकाच्या लक्षातही आलं नसतं. पण त्यांनी सगळा टाका उसवला होता, आणि उसवताना शीळ घालत होते. मला नेहमी वाटायचं, त्यात शीळ घालण्यासारखं काय होतं.

"मॅडम, थांबा. डोळा नाही गेलेला. कोपरा आहे. खालचा डावा."

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच सोडलाय तो. एका थरावर. चिठ्ठीवर खोटी खूण केलीय."

मॅडमनी माऊसवरचा हात काढला आणि माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा मला वाचता येईना. अकरा वर्षांत त्या माझ्यावर एकदाही रागावल्या नव्हत्या, त्यामुळे रागावल्यावर त्या कशा दिसतात हे मला माहीतच नव्हतं.

"कधी?" त्यांनी विचारलं.

मी तारीख सांगितली. त्यांनी डोळे बारीक केले. मग एकदम त्यांचे खांदे हलायला लागले. "तुम्ही त्या दिवशी हातमोजे घालूनच पळाला होतात," त्या म्हणाल्या. "मागाहून तुमच्या यजमानांचा फोन आला होता मला. म्हणाले, ही हातमोजे घालून बाळाला घेऊन बसलीय, काढायला तयार नाही, ते प्रयोगशाळेला परत हवेत का?"

"ते मला कधी बोलले नाहीत," मी म्हटलं, आणि मलाही हसू फुटलं, डोळ्यांत पाणी असताना.

"आता माझंही ऐका," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक पट्टी बसवायच्या आधी तिच्या शिवणीवरून बॅटरी फिरवून बघायची, हा नियम कुणी केला?"

"तुम्ही."

"आणि सतरा नंबर टेबलावरून उचलून कुणी बसवली? मीच. चिठ्ठीवर तुमची सही बघितली आणि बॅटरी फिरवलीच नाही. म्हटलं, यांची पट्टी आहे, काय बघायचं." त्या उठल्या. "तेव्हा रडारड पुरे. पावणेतीन झाले. चला."

ठोकळ्याजवळ क्रेनवाले भाऊ साखळ्या तपासत होते. आम्हा दोघींना बॅटरी आणि टेपचं रीळ घेऊन आत जाताना बघितलं आणि त्यांनी घड्याळ वर करून दाखवलं.

"पाच म्हणजे पाच हं ताई. मी कुणासाठी थांबत नाही."

"तुमचा ठोकळा काय पळून जातोय का?" मी म्हटलं.

"ठोकळा नाही पळत. मी पळतो. सव्वापाचची गाडी आहे माझी."

मॅडमनी फोन करून परवानगी काढली. दहा मिनिटं सगळे दिवे बंद, हिरवासुद्धा, आणि तेवढा वेळ भाऊंनी दाराशी पहारा द्यायचा. मॅडम एक छोटा पडदा मांडीवर घेऊन, त्याचा उजेड पदराआड करावा तसा ओढणीआड करून लांब कोपऱ्यात बसल्या. मी भिंतीपाशी गुडघे टेकले. दिवे गेले. असा काळोख तुम्ही पाहिलेला नसणार. मी तर त्याचाच धंदा करते.

ही आमची शोधायची रीत. एकीनं बॅटरी मुठीत घट्ट धरायची, बोटांच्या फटीतून दोऱ्याएवढाच उजेड सोडायचा, आणि शिवणीवरून मुंगीच्या चालीनं फिरवायचा. दुसरीनं आकडे वाचायचे. जास्त उजेड सोडला तर डोळा खरंच जायचा.

"चाळीस," मॅडम वाचू लागल्या. "एकेचाळीस. चाळीस. एकोणचाळीस."

काळोखात सतरा नंबर गुणी बाळासारखी वागत होती. डोळा ठणठणीत होता. मी वरचा कोपरा केला, शिवण केली, उजवा कोपरा केला. माझे गुडघे आता पूर्वीचे राहिले नाहीत, ते कुरकुरत होते.

"चाळीस. बेचाळीस. चाळीस. अडतीस. आठशे."

मी बॅटरी विझवली.

"चाळीस," मॅडम म्हणाल्या. "सापडली."

कोपरा चौकटीच्या मागे होता. तिथं माझा हात जात होता, पण नजर जात नव्हती. मी अंगठ्याच्या नखानं चाचपलं. दोन घड्यांच्या दोन कडा लागायला हव्या होत्या. एकच लागली, आणि तिच्यावरची टेप चार वर्षांत आकसून केसभर सरकली होती. त्या टेपेचं वय माझ्या नातीएवढंच होतं.

मॅडमनी डोळ्याची वीज तोडली आणि दिवे लागले. आता खरं काम. जुन्या टेपेवर नवी बसत नाही, धूळ असते. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, सुकू द्यायचं, फुंकर मारायची नाही, कारण तोंडातली वाफ बसते. आपण घाईत असलो की स्पिरिट सुकायला किती वेळ घेतं, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. बाहेरून भाऊंचा आवाज, "साडेचार." मी आंधळ्यासारखा हात आत घालून काळा कागद सरकवला, वडिलांची हाडाची पट्टी दोन बोटांत धरली आणि घडी दाबली. पहिल्यांदा निसटली. दुसऱ्यांदा कागद तिरका गेला. कागद बाहेर काढून मी नवा घेतला.

"तिरका असला तरी चालेल की," मॅडम हळूच म्हणाल्या.

"नाही चालणार," मी म्हटलं, आणि मग लक्षात आलं की मी शीळ घालतेय.

तिसऱ्यांदा घडी बसली. ती बसते तेव्हा हाताला कळतं, डोळ्यांची गरज नसते. वरून टेप, अर्धी टेप आधीच्या टेपेवर येईल अशी. मी मागे सरले. मॅडमनी हिरव्यासकट सगळे दिवे चालू आहेत ना ते बघितलं, डोळ्याची वीज पुन्हा जोडली आणि पडद्याकडे बघितलं.

"चाळीस."

माझा जीव भांड्यात पडला. मॅडमनी खिशातून पेन काढून दिलं. जुन्या चिठ्ठीवरची माझी ती बरोबरची खूण मी खोडली, नव्यानं केली आणि पुढे लिहिलं, 'दुसरा थर चार वर्षांनी.' खाली सही केली. मॅडमनी त्याखाली स्वतःची सही केली आणि लिहिलं, 'बॅटरी फिरवली.'

बाहेर आलो तर पाच वाजून सात मिनिटं झाली होती. क्रेनवाले भाऊ ठोकळ्यावर हात टेकून उभे होते.

"तुमची गाडी?" मी विचारलं.

"घड्याळ पुढे आहे माझं," ते म्हणाले, आणि क्रेनवर चढले.

दुसऱ्या दिवशी घरच्यांनाही बोलावलं होतं. आमचे हे इस्त्रीचा शर्ट घालून आले, नातीचा हात धरून. लेकीला सुट्टी नव्हती. संगणकाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अकरा वाजता बीम सुरू झाला आणि पडद्यावर रेघा यायला लागल्या. रेघ आली की मॅडम पहिल्या भिंतीकडे बघायच्या, तिथं एखादा चौकोन पेटलेला दिसायचा, आणि त्या म्हणायच्या, "बाहेरचा." दहा मिनिटांत नात हे शिकली. यांच्या मांडीवर बसून सगळ्यांच्या आधी सांगायला लागली, "बाहेरचा. बाहेरचा. हापण बाहेरचा." मोठमोठे शास्त्रज्ञ मान डोलावत होते.

साडेबारा वाजले. नात दमून गप्प झाली होती. आणि पडद्याच्या मधोमध एक रेघ उमटली. मधूनच. तिच्या मागे काही नव्हतं.

मॅडम उठून पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. त्यांनी रेघेच्या टोकावर बोट ठेवलं आणि ते मागे मागे, जिथून बीम येतो त्या दिशेला सरळ सरकवत नेलं. बोट पहिल्या भिंतीवर जाऊन थांबलं. त्यांनी खालचा आकडा वाचला आणि मागे वळून एवढ्या गर्दीत मला शोधलं.

"सतरा," त्या म्हणाल्या. "सतरा गप्प आहे."

मग जो काय आवाज झाला तो विचारू नका. कुणी कुणाला मिठ्या मारत होतं, कुणी खुर्चीवर चढलं. मॅडमनी येऊन माझे दोन्ही हात धरले आणि नुसते हलवत राहिल्या. माझ्या आयुष्यात मी इतकी आनंदात कधी होते ते मला आठवतं. नात जन्मली त्या दिवशी.

हे गर्दीतून वाट काढत आले. "काय झालं? तुझी पट्टी पेटली का?"

"नाही पेटली."

"मग? काहीच केलं नाही तिनं?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "तो तिच्यातून गेला, आणि तिनं काहीच केलं नाही. म्हणून तर कळलं तो कोण ते."

हे पडद्याकडे वळले, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांनी शर्टाची बाही सारखी केली. शेजारी एक शास्त्रज्ञ उभे होते, त्यांना ते म्हणाले, "ही बायको माझी. ती पट्टी हिनं बांधलीय." काळोखाचं नाव काढलं नाही.

नातीला मी उचलून पडद्याजवळ नेलं. तिनं सतराव्या काळ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"ही झोपलीय, आजी?"

"नाही गं. जागी आहे. नुसती गप्प बसलीय."

नातीनं बोट उचललं, आणि माझ्या कानाशी तोंड आणून, पट्टीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं, "कधीपासून?"

"कालपासून," मी सांगितलं.